झोटेरो : प्रकल्पांच्या संदर्भांसाठी एका ग्रंथपालाने वापरून पाहिलेले साधन

दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पांचा गठ्ठा तपासताना विषयशिक्षकांच्या मदतीला मी बसले होते. हिवरे बाजारवरील एका प्रकल्पात सातव्या पानावर 'मागील पानावरील तक्त्यावरून असे स्पष्ट होते की' अशी सुरुवात असलेला परिच्छेद होता आणि मागील पानावर तक्ताच नव्हता. त्याच पानावर दोन वाक्यांच्या शेवटी चौकटी कंसात ३ आणि ४ हे आकडे निळ्या शाईने, अतिशय सुवाच्य अक्षरात काढलेले होते. हे आकडे विकिपीडियावरील लेखात संदर्भाची टीप कोठे आहे ते दाखवतात. मजकुराबरोबर तेही वहीत उतरले होते. त्या विद्यार्थिनीला बोलावून मी विचारले, तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, हे मीच लिहिलंय. अक्षर बघा ना, माझंच आहे." ती खोटे बोलत नव्हती. पहिलीपासून 'उतरवून काढा' हेच सांगितलेल्या मुलीच्या दृष्टीने स्वतःच्या हाताने लिहिलेले ते स्वतःचे, आणि यापेक्षा वेगळे काही तिला कोणी कधी शिकवलेले नव्हते.

त्या उत्तराने मला फार अस्वस्थ केले. मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि मुले पुस्तकातून वहीत काय नेतात व कसे नेतात हे पाहणे माझ्या कामाचाच भाग आहे असे मी मानते. तेव्हापासून मी अशा साधनाच्या शोधात होते, जे चोरी पकडण्यापेक्षा चोरी घडूच नये यासाठी मुलांच्या हाताला सवय लावेल. काही पर्याय पाहून आम्ही झोटेरो निवडले. दोन शैक्षणिक वर्षे ते ग्रंथालयातील चार संगणकांवर वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

आधी पकडणाऱ्या साधनांविषयी थोडे लिहिते, कारण बहुतेक शाळांचा पहिला विचार तिकडेच जातो. विद्यापीठांच्या पातळीवर या साधनांना पक्के स्थान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी जे विनियम काढले, त्यांत साम्याच्या टक्केवारीनुसार स्तर ठरवलेले आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, तसेच सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे किंवा सर्वज्ञात शब्दप्रयोग या मोजणीतून वगळलेले आहेत. हे नियम उच्च शिक्षणासाठी आहेत, अकरावी-बारावीला ते लागू होत नाहीत; तरीही आपली मुले दोन-तीन वर्षांत ज्या दारातून आत जाणार आहेत तेथे काय लिहिलेले आहे हे शिक्षकांना ठाऊक असावे, म्हणून ते येथे सांगितले.

मात्र शाळेच्या पातळीवर पकडणारे सॉफ्टवेअर म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असेच होते. प्रकल्प लिहून झालेला असतो, गुण देण्याची मुदत उद्यावर आलेली असते, आणि यंत्राने लाल रंगवलेला कागद हातात पडल्यावर मूल एवढेच शिकते की शब्द थोडे बदलायला हवे होते. शिवाय मराठी मजकुराच्या बाबतीत अशा साधनांवर किती विसंबावे हा प्रश्न राहतोच. फुकट तपासणी करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, मी मराठी विश्वकोशातील एक परिच्छेद जसाच्या तसा टाकून पाहिला होता. मजकूर पूर्णपणे मौलिक असल्याचा निर्वाळा त्याने दिला आणि खाली सविस्तर अहवालासाठी पैसे मागितले. आणि आमच्याकडील निम्म्याहून अधिक प्रकल्प हस्तलिखित असतात, ते तर कोणत्याच यंत्रात जात नाहीत.

झोटेरो नेमके उलट्या टोकाने काम करते. हे संदर्भ गोळा करण्याचे, त्यांवर टिपणे काढण्याचे आणि शेवटी संदर्भसूची तयार करून देण्याचे साधन आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात ते तयार झाले आणि २००६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आज एक ना-नफा संस्था ते चालवते, त्याचा स्रोतसंकेत खुला आहे आणि वापरासाठी पैसे पडत नाहीत. संगणकावर मुख्य प्रोग्राम बसवायचा आणि क्रोम, फायरफॉक्स किंवा एज अशा ब्राउझरमध्ये त्याचा 'कनेक्टर' जोडायचा, इतकीच पूर्वतयारी आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, त्यामुळे शासकीय योजनेतून आलेल्या लिनक्सच्या संगणकांनाही अडचण येत नाही.

विद्यार्थी एखादे पान वाचत असताना ब्राउझरच्या कोपऱ्यातील चिन्ह दाबतो. त्याबरोबर लेखाचे शीर्षक, पत्ता, पाहिल्याची तारीख आणि मिळाल्यास लेखकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख, अशी नोंद त्याच्या संग्रहात जमा होते, आणि पानाची एक प्रतही सोबत साठवली जाते. ही प्रत मला फार मोलाची वाटते. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावरील बातमी महिन्याभराने त्याच पत्त्यावर सापडेलच असे नाही. 'मॅडम, ते पान आता उघडतच नाही' हे उत्तर यापूर्वी मी कितीतरी वेळा ऐकले आहे. पुस्तक असेल तर मागच्या बाजूचा आयएसबीएन क्रमांक टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप भरली जाते, आणि शोधनिबंध असेल तर त्याचा डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक, पुरतो.

या क्रमांकांचा एक वेगळा उपयोग गेल्या वर्षी लक्षात आला आणि तो प्रत्येक शिक्षकाने करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मुले हल्ली मजकुराबरोबर संदर्भही मागून घेतात, आणि तो संदर्भ अस्तित्वात असेलच याची काहीही हमी नसते. लेखकाचे नाव, नियतकालिकाचे नाव, वर्ष, पृष्ठक्रमांक सगळे पटण्यासारखे असते आणि लेखच नसतो. असा डीओआय झोटेरोत टाकला की एकतर नोंदच मिळत नाही किंवा भलत्याच विषयावरील लेख समोर येतो. बारावीच्या एका मुलाने असे पाच संदर्भ आणले होते. आम्ही दोघांनी शेजारी बसून एकेक क्रमांक टाकला आणि पाचांपैकी एकच खरा निघाला. त्या दिवशी त्याला मी वेगळे काही बोलले नाही. चार रिकाम्या शोधांनंतर त्याने स्वतःच वही मिटली आणि जिल्हा गॅझेटिअर कोठे ठेवले आहे ते विचारले.

तरीही माझ्या मते या साधनाचा खरा गाभा टिपणांत आहे. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोच्या आतच पीडीएफ वाचता येते आणि ओळी रंगवता येतात. रंगवलेल्या ओळींवरून टिपण तयार करायला सांगितले की प्रत्येक उतारा अवतरणचिन्हांत येतो आणि त्याच्या शेजारी कंसात लेखक, वर्ष व पृष्ठक्रमांक चिकटलेला असतो. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, परंतु मुलांच्या हातून होणाऱ्या उचलेगिरीचा मोठा भाग नेमका येथेच सुरू होतो. पुस्तकातील चार ओळी वहीत उतरवल्या, शेजारी पुस्तकाचे नाव लिहायचे राहिले, दोन आठवड्यांनी प्रकल्प लिहायला घेतला तेव्हा त्या ओळी आपल्या की पुस्तकातल्या हे आठवेनासे झाले, आणि मग त्या आपल्याच म्हणून पुढे गेल्या. त्यामागे लबाडीपेक्षा हलगर्जीपणाच अधिक असतो, पण वाचणाऱ्याला तो फरक दिसत नाही. उतारा आणि त्याचा मालक एकमेकांपासून सुटूच नयेत अशी व्यवस्था असेल तर ही वेळच येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. झोटेरो मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकवत नाही. ते काम शिक्षकाचेच आहे आणि शिक्षकाचेच राहील. मी टिपणाच्या खिडकीत दोन भाग करायला लावते. वर मूळ उतारा, अवतरणचिन्हांसह. आणि खाली, वरचा उतारा पडद्याबाहेर सरकवून, न पाहता लिहिलेले स्वतःचे वाक्य. उदाहरण म्हणून मी स्वतः रचलेले एक वाक्य मुलांना देते : 'डोंगरउतारावर सलग समतल चर खोदल्याने वाहून जाणारे पाणी अडते, जमिनीत मुरते आणि पायथ्याच्या विहिरींची पातळी वाढते.' पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले लिहितात, 'डोंगराच्या उतारावर सलग समतल चर खणल्यामुळे वाहणारे पाणी थांबते, जमिनीत झिरपते आणि खालच्या विहिरींचे पाणी वाढते.' शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तसाच राहिला. ही उसनवारीच आहे. हाच आशय गेल्या वर्षी एका मुलाने असा लिहिला : 'आमच्या मळ्यातली विहीर का आटते हे शोधायला विहिरीत डोकावून उपयोग नाही, वर डोंगराकडे पाहायला हवे, तिथे चर नाहीत, म्हणून पावसाचे पाणी थेट ओढ्याला जाते.' आशय उसना आहे म्हणून त्यालाही संदर्भ द्यायचाच, हे सांगावे लागले, पण वाक्य त्याचे स्वतःचे होते. असे वाक्य यायला त्याला तीन तास लागले आणि त्यात कोणत्याही सॉफ्टवेअरचा वाटा नव्हता.

आता मराठीच्या बाबतीत. येथे झोटेरो घेणाऱ्याने थोड्या कष्टांची तयारी ठेवावी. मराठी पुस्तकांसाठी आयएसबीएनवरून माहिती भरण्याची सोय अर्धीच उपयोगी पडते. पुष्कळ पुस्तकांची नोंद सापडतच नाही, आणि परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतून सापडली तर ती रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि खाली टिंबे अशा स्वरूपात येते, जी पुसून सगळे देवनागरीत पुन्हा लिहावे लागते. आयएसबीएनची पद्धत १९७० नंतरची असल्याने ग्रंथालयातील जुन्या आवृत्त्यांवर तो क्रमांकच नसतो. आमच्या कपाटांतील स्थानिक इतिहासाची पुस्तके जवळजवळ सगळी हाताने भरावी लागली. पण मला यात तोटा दिसत नाही. मुखपृष्ठ उलटून आतील पानावर प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी, वर्ष कोणते हे शोधण्याची सवय मुलांना त्यामुळेच लागली. त्याआधी त्या पानावर कोणाची नजरही जात नव्हती.

लेखकाच्या नावासाठी मूळ रचना आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांची आहे. 'गुरुजी', 'महाराज', 'बुवा' अशा नावांनी किंवा टोपणनावाने लिहिणाऱ्यांना हे विभाजन लागू पडत नाही आणि जबरदस्तीने केले तर सूचीत 'महाराज' हे आडनाव म्हणून छापले जाते. नावाच्या शेजारील छोटे बटण दाबून दोन्ही रकाने एक करता येतात. हे बटण पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे. संदर्भसूचीच्या शैली हजारोंच्या संख्येने उपलब्ध आहेत, परंतु इंग्रजीसाठी बनवलेली शैली निवडली की मराठी लेखकांच्या नावांमध्येही 'आणि' ऐवजी इंग्रजी चिन्ह येते आणि अनेक लेखक असतील तर 'व इतर' च्या जागी लॅटिन संक्षेप येतो. मी मुलांना अंतिम सूची छापण्यापूर्वी हे हाताने दुरुस्त करायला सांगते, आणि मराठी व इंग्रजी पुस्तके एकाच सूचीत असतील तर दोन वेगळे भाग करायला सांगते.

मराठी पीडीएफची अडचण झोटेरोची नाही, पण तिच्याशी गाठ पडतेच. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये तयार झालेले अहवाल डोळ्यांना मराठीत दिसतात आणि ओळ रंगवून टिपणात आणली की रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग उमटतो. स्कॅन केलेल्या पुस्तकांतून तर मजकूर येतच नाही, कारण प्रतिमेतून अक्षरे ओळखण्याची सोय या प्रोग्राममध्ये अंगभूत नाही. अशा वेळी चौकोन आखून तेवढ्या भागाचे चित्र टिपणात घेता येते. पृष्ठक्रमांक त्यासोबत येतो, आणि मजकूर मात्र टंकून घ्यावा लागतो.

मराठी विश्वकोशाबद्दल वेगळे सांगावेसे वाटते, कारण आमची मुले सर्वाधिक मजकूर तेथूनच घेतात आणि घ्यावाही, इतका तो भरवशाचा आहे. १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड निघाला. त्यातील नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव दिलेले असते, आडनाव आधी आणि आद्याक्षरे नंतर. मुले संदर्भ देताना फार तर 'विश्वकोश' किंवा 'गूगल' एवढेच लिहीत आली आहेत, आणि ज्याने ती नोंद लिहिली त्या माणसाचे नाव कोणाच्याच वहीत कधी आले नाही. संगणकीय पानावरून नोंद घेतानाही ते नाव आपोआप उचलले जाईल असे धरून चालू नये. पानाच्या तळाशी जाऊन ते वाचायचे आणि लेखकाच्या रकान्यात भरायचे. मी हा नियम केला आहे आणि त्यात सवलत देत नाही.

खर्चाचे सांगायचे तर प्रोग्राम मोफत आहे. खाते उघडले तर नोंदी सर्व संगणकांवर सारख्या ठेवता येतात आणि जोडलेल्या फायलींसाठी ३०० एमबी जागा मिळते. त्यापेक्षा अधिक, म्हणजे २ जीबी हवी असल्यास वर्षाला २० डॉलर द्यावे लागतात. शाळेने ते देण्याची गरज नाही. नोंदींना आणि टिपणांना ही मर्यादा नसते, जागा खातात त्या पीडीएफ. त्या पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात. एकच संगणक पाच मुले एकाच लॉगिनने वापरत असतील तर सर्वांचे संदर्भ एकमेकांत मिसळतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे तसा घोळ झाला आणि त्यात चूक माझ्या नियोजनाची होती. नंतर प्रत्येक तुकडीसाठी एक गट तयार केला आणि त्यात गटनिहाय कप्पे पाडून दिले, तेव्हापासून कोणाचे काय हे शोधावे लागत नाही.

वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींमध्ये झोटेरो जोडता येते. लिहिता लिहिता संदर्भ घातला की शेवटची सूची आपोआप तयार होते. हस्तलिखित प्रकल्पासाठी निवडलेल्या नोंदींवर उजवे बटण दाबून नुसती सूची बनवायची, आणि ती पाहून वहीत लिहायची. उतरवून काढणे जेथे खरोखर योग्य आहे अशी ती एक जागा.

आठवी-नववीच्या मुलांना हे सर्व जड जाते. त्यांच्यासाठी याच संस्थेचे झोटेरोबिब हे संकेतस्थळ पुरेसे आहे. तेथे खाते लागत नाही, काही बसवावे लागत नाही. पुस्तकाचा क्रमांक किंवा पानाचा पत्ता टाकला की संदर्भ तयार होतो. टिपणांची सोय नसल्याने ते पूर्ण साधनाला पर्याय ठरत नाही, पण 'कोठून घेतले' हा प्रश्न मनात रुजवायला त्याचा उपयोग होतो. त्याहून लहान मुलांना वहीच्या समासात पुस्तकाचे नाव व पान लिहायला लावावे, संगणकाची घाई करू नये.

ज्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात दोन-चार चालू संगणक आहेत आणि आठवड्याला एक तास देणारा एक माणूस आहे, त्यांनी झोटेरो जरूर घ्यावे. तो माणूस नसेल तर घेऊ नये, कारण प्रोग्राम नुसता बसवून ठेवल्याने काहीच बदलत नाही. इंग्रजी पडद्याला मुले आठवडाभरात सरावतात; शिक्षकांना थोडा अधिक वेळ लागतो.

सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती विद्यार्थिनी बारावीत पुन्हा पाण्याचाच विषय घेऊन आली. नोंद कोणत्या प्रकारची आहे हे निवडण्याच्या यादीत पुस्तक, लेख, वेबपान यांच्याबरोबर 'मुलाखत' हाही प्रकार असतो. तो पाहून तिने विचारले, "आजोबांनी सांगितलेलं यात बसेल का?" बसते. तिने नोंद भरली : आजोबांचे पूर्ण नाव, बोलणे झाले ती तारीख, गावाचे नाव, आणि विषय, १९७२ च्या दुष्काळात घरची विहीर खोल करताना लागलेला खडक. तिच्या प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर अकरा संदर्भ आहेत, त्यांत चौथा हा आहे, आणि त्याखाली विश्वकोशातील नोंद लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव आहे.